दिसन्याचे शब्द, असन्याचे शब्द

मेडशी
पोळ्याचा दुसरा दिवस, १९३७

मायना सोडून देते. तुमाले मायन्याचा कंटाळाच होता, अन् मलेही तो लिहिता येत नाही. बबनभाऊजी सांगत होते तसा लिहिला असता तर अर्धा कागद त्यातच गेला असता, अन् बायकोचं पत्र आहे का दिराचं हे तुमाले लाइपझिगात बसून उमगलं नसतं. तुमी म्हनान शुद्ध लिही. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईनं शुद्ध लिहिलं तर ते मास्तरचं पत्र होते. मी बोलते तसंच लिहीन. एवढ्या दूर माह्यं बोलनं तरी ऐकान.

घरी सारे खुशाल आहे. पोळा झाला. जवारी कमरेएवढी आली. नानाजीची खोकल्याची तक्रार आहे, पन तुमचेच वडील ते, कबूल करत नाही.

तुमच्या घरमालकीनबाईनं विचारलं, तुमची बायको कशी आहे, अन् तुमाले सांगताच आलं नाही, हे वाचून मले हसू आलं. सव्वा वर्ष माह्या हातचं खाल्लं अन् मी कशी हे सांगता येत नाही म्हनजे कमाल झाली बाप्पा. अन् मंग ते कामही मलेच लावलं. कागदाच्या मधातून रेघ मारली, एका अंगाले दिसन्याचे जर्मन शब्द, दुसऱ्या अंगाले असन्याचे, अन् म्हने तुले कोनते लागू होतात ते निवड.

घ्या निवडून. दिसन्यातले दोन. क्लाइन म्हनजे ठेंगनी, ते खरं आहे, शिंक्यावरचं गाडगं अजूनही पाटावर चढून काढा लागते. डुंकेल म्हनजे सावळी, तेही खरं. ह्युब्श म्हनजे देखनी, ते तुमी ठरवा, आपलंच आपन कसं म्हनावं. असन्यातलं फ्लाइसिग म्हनजे कामसू, ते सासूबाई कबूल करनार नाही. एर्लिश म्हनजे खरं बोलनारी. ते लावा, त्याच्यापायी रोज भांडन होते. गेडुल्डिग म्हनजे धीर धरनारी, ते मात्र खोडून टाका. तव्यावरची भाकर फुगायची वाट माह्याच्यानं पाहवत नाही, हे तुमाले ठाऊक आहे. ट्रॉय याचा अर्थ तुमी ‘पक्की’ असा लिहिला. मले वाटलं वीट पक्की असते तशी. मंग खाली वाचलं, धरलेला हात न सोडनारी. त्याचं मी काही लिहीत नाही. ते ज्याचा हात धरला त्यानं लिहायचं.

घरातल्यायलेही मी शब्द वाटून दिले. नानाजी ग्रोस, म्हनजे उंच, अन् आतून श्ट्रेंग, म्हनजे कडक. सासूबाई माह्याएवढ्याच क्लाइन, पन श्ट्रेंगपनात नानाजीच्या दोन बोटं वर. बबनभाऊजी ह्युब्श आहे. आतलं अजून काही सापडलं नाही, सापडलं तर कळवीन.

दिसन्याचे शब्द मले लवकर पाठ झाले. मानूस समोरून गेला की म्हनता येतात. असन्याचे शब्द कठीन. त्याले मानसाजवळ राहा लागते.

घरमालकीनबाईच्या पोरीचं तुमी लिहिलं, हेडविग नाव आहे, ग्रोस आहे, श्लांक म्हनजे सडपातळ आहे, केस कडब्याच्या रंगाचे. सारे दिसन्याचेच शब्द आहे. बरं वाटलं.

सोजर


मेडशी
संक्रांतीचा करदिन, १९३८

फोटोचं सासूबाईच्या तोंडून नानाजीले विचारलं. ते म्हनाले, देशमुखाच्या सुना कागदावर उतरत नाहीत. विषय संपला. तुमी घरमालकीनबाईले काय सांगायचं ते सांगा.

तवा मले शब्दातच पाहा. काल काळी चंद्रकळा नेसली होती. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, कासारनीनं भरताना एकही बांगडी पिचकू दिली नाही. कुंकू आडवं, रुपयाएवढं. गावातल्या सवाष्नी आल्या, वान लुटलं. साऱ्या म्हनत होत्या, नवरा सातासमुद्रापार अन् ही पाहा कशी भरल्या अंगाची दिसते. मी मनात म्हटलं, माह्या नवऱ्यानं यासाठी ह्युब्श हा शब्द धाडला आहे, तुमच्या नवऱ्यायनं धाडला का?

चूल पेटवताना मी तुमचे शब्द म्हनत राहते. सासूबाईले वाटते सून स्तोत्र म्हनते. परवा त्या शेजारी सांगत होत्या, आमच्या सोजरले देवाधर्माचं भल्लं याड आहे. मी काही त्यायचा भ्रम फेडला नाही.

तुमी कपड्याचे रंग शिकायले गेले अन् रंगायबद्दल काहीच लिहीत नाही. दोन वर्षं म्हनाले होते. पुढच्या संक्रांतीले तुमी ओसरीवर असान अन् मी तिळगूळ देईन असं धरून चालली आहे. मले आता इथं कंटाळा येते हो. कामाचा नाही. संध्याकाळी दिवा लावल्यावर कोनाशी बोलावं हे समजत नाही.

हेडविगचे डोळे निळे आहे हे तुमी मागच्या पत्रातही लिहिलं होतं.

सोजर


मेडशी
अखजी, १९३९

तुमचं पत्र मिळालं. आंब्याचा रस केला, पितरायले घास टाकला, अन् मंग वाचायले बसली. ते चांगलं केलं. आधी वाचलं असतं तर स्वयंपाक नासला असता.

तुमी लिहिलं, आनखी वर्षभर राहा लागंन, प्रयोग अर्धवट आहे. ते मी समजून घेतलं. मंग लिहिलं, प्रयोगशाळेतून यायले उशीर होते, घरमालकीनबाई जेवून झोपून जाते, पन हेडविग ताट झाकून बसून राहते, ती फार गेडुल्डिग आहे.

शब्द चांगला आहे. तुमीच शिकवलेला. मी तो इतक्यांदा वाचला की कागद तठी मऊ पडला.

ग्रोस, श्लांक, निळे डोळे, हे तुमी शंभरदा लिहिलं असतं तरी मले भेव वाटलं नसतं. रस्त्यानं जानारीचेही डोळे दिसतात. पन एखादीजवळ धीर आहे हे कसं समजते? ज्याच्यासाठी ती वाट पाहते त्यालेच समजते. हेडविग रेघेच्या अल्याडून पल्याड गेली, अन् तुमाले ते लिहिताना उमगलंही नाही.

हे मी भांडून लिहून नाही राह्यली.

नाही. भांडूनच लिहून राह्यली. मी तिसरं वर्ष वाट पाहून राह्यली, अन् माह्या नावापुढं तुमी एकदाही तो शब्द लिहिला नाही. मी गमतीनं खोडा म्हटलं होतं, तर तुमी खरंच खोडून बसले का? तवा नव्हता माह्याजवळ धीर. आता आला आहे. तुमीच आनला.

पावसाळ्याआधी निघा. प्रयोग दुसरा कोनी पुरा करीन. नानाजी बोलत नाहीत, पन अकोल्याहून मोटर आली की ओसरीवरून उठून उभे राहतात.

सोजर


मेडशी
दिवाळी होऊन गेली, १९३९

अखजीचं माह्यं पत्र परत आलं. धाडू का नको करत ते पोळ्यापर्यंत पेटीतच राह्यलं होतं. वर शिक्का मारला आहे. टपालवाला म्हनाला, जर्मनीशी लढाई लागली, तिकडं काही जात नाही अन् तिकडून काही येत नाही. तुमी आता दुश्मनाच्या मुलखात आहे म्हने. आमी कोनाच्या मुलखात आहोत ते सासूबाईच्या तोंडून नानाजीले विचारलं तर ते चिडले.

हेही जानार नाही हे ठाऊक आहे. लिहायची सवय लागली आहे.

त्या पत्रात मी वाईट बोलली होती. ते तुमाले मिळालं नाही तेच बरं झालं. जिते राहा. बाकी मंग पाहू.

सोजर


मेडशी
फाल्गुन, १९४४

मधात काही लिहिलं नाही. लिहून कुठं धाडनार होती?

सांगते आता. बबनभाऊजीचं लग्न झालं, गोमती नावाची चांगली पोरगी आली. तिले दोन लेकरं झाली अन् दोन्ही पाळन्यातच गेली. दुसरं गेलं तवा ती माह्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. सासूबाईनं जोशीबुवाले बोलावलं. त्यायनं पंचांग पाहिलं अन् विचारलं, घरातल्या कोन्या मयताची क्रिया राहून गेली काय? मंग सारे माह्याकडं पाहाले लागले.

नानाजीनं नागपुरातून रेडक्रॉसवाल्यायच्या मार्फत तुमची चौकशी केली होती. त्याचं उत्तर याच महिन्यात आलं. तुमी राहत होते ते घर बॉम्बात पडलं, तुमचा ठावठिकाना लागत नाही. एवढंच. मी म्हटलं, ठावठिकाना लागत नाही म्हनजे मेले असं कुठं लिहिलं आहे? जोशीबुवा म्हनाले, शास्त्रानं बारा वर्षं वाट पाहा लागते, पन घर पडल्याची खबर आहे तवा दोष नाही.

मी नानाजीच्या समोर कधी उभी राह्यली नव्हती. त्या दिवशी राह्यली. पदर डोक्यावरून खाली आला तरी सावरला नाही. म्हटलं, “नानाजी, ते जिते आहे. मले माहीत आहे.”

ते म्हनाले, “पोरी, मीही तेच म्हनत होतो. माह्याच्यानं आता म्हनवत नाही.”

हा मानूस रडताना मी पहिल्यांदा पाहिला. गोमती दाराआड उभी होती, तिले पुन्हा दिवस गेले आहे. मी तिच्याकडं पाहिलं. माह्या हट्टापायी तिचं तिसरंही गेलं तर? मी आत निघून गेली.

तुमचा पुतळा पळसाच्या देठायचा केला. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. आपल्याच वावराच्या बांधावरचे पळस होते, फुलले होते. बबनभाऊजीनं अग्नी दिला. पुरुषायच्या मागं बायकायनं जायचं नसते, पन मी ओसरीवरून धूर पाहिला. देठ ओले होते, लवकर पेटले नाही.

मंग गावातल्या विधवा बाया मले नदीवर घेऊन गेल्या. नानाजीची बहीन, गोजराआत्या, तिनं दगडावर माह्या बांगड्या फोडल्या. ती चांगली बाई आहे, हलक्या हातानं फोडत होती, मनगटाले काच लागली तवा तिनंच आपल्या पदरानं पुसलं. कुंकू पुसलं. गळ्यातली पोत तोडली. मी ओरडली नाही. ज्याच्यासाठी ओरडायचं तो मानूस मेलाच नव्हता.

आता मी कशी दिसते ते सांगते. पांढऱ्या किनारीचं लुगडं. कपाळ मोकळं. ब्लास म्हनजे फिक्कट, तुमी एकदा लिहिलेलं, ते आता मले लागू होते. जो पाहते तो म्हनते, देशमुखाची विधवा सून चालली. त्यायले जेवढं दिसते तेवढंच ते म्हननार. आत मी जशी होती तशीच आहे, तुमची बायको, सवाष्न. वडसावित्रीचा उपास मी सोडनार नाही. विचारलं तर सांगीन एकादशीचा हिशेब चुकला.

कुठं असान तर धडपने राहा. थंडीत कान बांधत जा.

सोजर


मेडशी
तुळशीचं लग्न झाल्यावर, १९४६

तुमाले कोनी कळवलं नसंन म्हनून मी कळवते. तुमी मेले. तुमाले जाळून तीन पावसाळे झाले. नानाजीनं बबनभाऊजीकडून तुमाले जे पत्र लिहून घेतलं, ताबडतोब निघून ये, म्हातारा वाट पाहून राह्यला, त्यात त्यायनं हे घातलं नाही. त्यायले लाज वाटते. पन तुमी घरी यान अन् सारे तुमाले शिवायले भितीन, तवा तुमाले आधी ठाऊक असलं पाहिजे.

तुमचं पत्र दसऱ्याच्या आधी आलं. टपालवाल्यानं माह्या हातात दिलं, त्यालेही अक्षर ओळखू आलं होतं. पहिलीच ओळ, ‘मी सुखरूप आहे.’ मी तशीच ओसरीवर पळत गेली. नानाजी म्हनून अशी हाक मारली की गोठ्यातून बबनभाऊजी धावत आले. म्हटलं, पाहा, मी म्हनत नव्हती काय! सासूबाईनं मले मिठी मारली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गोमतीनं तिच्या लेकराले माह्या कडेवर दिलं. (हो, तिचं तिसरं लेकरू जगलं. जोशीबुवाचा मान वाढला. मी काय बोलू?)

खालची ओळ मी त्यानंतर वाचली. सारे हसत-रडत होते, अन् मी लेकरू कडेवर घेऊन वाचून राह्यली होती.

तुमी हेडविगशी लग्न केलं. पोरगी तीन वर्षांची आहे. म्हनजे इथं माह्या बांगड्या फुटल्या तवा तिकडं तुमी पाळन्याची दोरी हालवून राह्यले होते. वाईट वाटलं असं लिहिलं तर फार थोडं होईन. मी लेकरू गोमतीजवळ दिलं अन् कोठीत जाऊन जवारीच्या पोत्यावर बसून राह्यली. कोनी विचारायले आलं नाही, सारे खुशीत होते.

पुढं वाचलं, हेडविगनं तुमाले पोलिसापासून लपवलं, आपल्या वाटनीची रोटी अर्धी तुमाले दिली, बॉम्ब पडला तवा हात धरून ओढत बाहेर काढलं. तुमी तिच्यापुढं शब्द लिहिले, टाप्फर म्हनजे शूर, गेडुल्डिग, ट्रॉय. साराच कागद असन्याच्या शब्दायनं भरला आहे. एकदाही लिहिलं नाही की तिचे डोळे निळे आहे. अन् शेवटी माह्यासाठी एक ओळ, ‘तू आता कशी दिसतेस?’

मले तेवढंच विचारलं. दहा वर्षांनी, कशी दिसते.

मी त्या बाईचा राग करत नाही. करून पाहिला, झाला नाही. तिनं तुमाले जितं ठेवलं. मी इथून रोज मागत होती तेच तिनं तिथं केलं. पन तिच्यासाठी जे शब्द तुमी लिहिले ते मीही इथं एकटीनं कमावले होते, अन् ते पाहायले तुमी जवळ नव्हते. याचं दुःख तुमाले समजंन की नाही, मले माहीत नाही.

आता पुढचं. जोशीबुवाले पुन्हा बोलावलं. ते म्हनाले, ज्याची क्रिया झाली तो जिता परत आला तर त्याले पुन्हा जन्म घ्या लागते. तुमाले तुपानं न्हाऊ घालतीन, सासूबाईच्या मांडीवर देतीन, कानात नाव सांगतीन, जावळ काढतीन. हसू नका. नानाजीचा त्याच्यावर विश्वास आहे अन् ते थकले आहे. अन् जन्म नवा झाला म्हनजे पहिलं लग्नही राह्यलं नाही. म्हनून माह्याशी पुन्हा लग्न लावा लागंन. हेडविगचं काय, असं बबनभाऊजीनं विचारलं, तर नानाजी म्हनाले, देशमुखात दोन बायका काही नवल नाही, मोठीचा मान मोठीले.

सासूबाई कासारनीले सांगून आल्या. गोमतीनं तिचा शालू काढून ठेवला. साऱ्यायचे चेहरे असे की माह्यं गेलेलं घर मले परत देऊन राह्यले. मागच्या हप्त्यात नानाजीनं मले ओसरीवर बोलावलं अन् म्हटलं, पोरी, तुह्यं कुंकू परत येते.

मी म्हटलं, “नाही नानाजी. मले हे लग्न नाही करायचं.”

त्यायले वाटलं मी लाजून राह्यली. मंग वाटलं मी रुसली. म्हनाले, काहून?

तवा मी बोलली. “तवा मी म्हनत होती माहा नवरा जिता आहे. तुमी कोनी ऐकलं नाही. आता मी म्हनते माहा नवरा मेला. आता तरी ऐका.”

नानाजीनं पागोटं घातलं अन् वावराकडं निघून गेले. संध्याकाळी आल्यावर सासूबाईले म्हनाले, कासारनीले नको म्हनून सांग. तवापासून माह्याशी कोनी तो विषय काढला नाही.

यंदा मी वडसावित्रीचा उपास केला होता, तुमचं पत्र यायच्या आधी. पुढच्या साली नाही करनार. त्या दिवशी सारखंच जेवीन.

तुमी या. बापाच्या समाधानासाठी तुपानं न्हाऊन घ्या, मांडीवर बसा, नाव ठेवून घ्या, जे सांगतीन ते करा. त्यायचे फार दिवस राह्यले नाही. हेडविगले घेऊन या. तिले इथलं तिखट सोसनार नाही, मी वेगळं करीन. पोरीले अवश्य आना. मी या घरातल्या मोठ्या मुलाची विधवा आहे, अन् तुमी आता या घरात नव्यानं जन्मनार, म्हनजे माहे दीर होनार. तवा ती मले काय म्हनंन हा प्रश्न येईन. तिले सांगा, ओसरीवर जी पांढऱ्या किनारीच्या लुगड्याची बाई बसली असंन, तिले काकू म्हन. मी ओ देईन.

सोजर